तळघरातला माल आणि विम्याचे कलम

प्रश्न : इचलकरंजीत माझे कापडाचे गोदाम इमारतीच्या तळघरात आहे. विमा उतरवताना अर्जात तसे लिहिले होते, कंपनीचा माणूस बघूनही गेला. शॉर्ट सर्किटने आग लागली. सर्व्हेअरने 18 लाखांचे नुकसान धरले. आता पत्र आले, की तळघरातला माल पॉलिसीत बसत नाही. एजंट म्हणतो, 4 लाखांवर मिटवा, व्हाउचरवर (दावा पूर्ण मिटला अशा कबुलीवर) सही करा. धंद्याचा विमा ग्राहक आयोगात चालत नाही, असेही ऐकतो. काय करू?

उत्तर : दादा, सही करू नका. बाकीचे नंतर. सोलापूरच्या माझ्या एका अशिलाने बँकेचा हप्ता थकला म्हणून अशीच सही केली. ती दबावाखाली झाली हे सिद्ध करता येते, पण त्यात त्यांची किती वर्षे गेली ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तुमच्यासारखेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते : टेक्स्को मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी, निकाल नोव्हेंबर 2022. दुकान तळघरात, पॉलिसी त्याच दुकानाची, आणि आत कलम असे की तळघराला संरक्षण नाही. न्यायालयाने विमेदाराच्या बाजूने निकाल दिला. ज्या जागेसाठी हप्ता घेतला तीच जागा कलमाने वगळली, तर करारात उरले काय? म्हणून अर्जाची प्रत आणि पॉलिसीचे शेड्यूल (विमा कशाचा आणि कुठल्या जागेचा, हे लिहिलेले पान) जपून ठेवा. शेड्यूलवर 'तळघर' हा शब्द छापलेला असेल, तर तुमची बाजू फार भक्कम आहे.

ग्राहक आयोगाबद्दल तुम्हाला चुकीचे सांगितले. हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की व्यापारी विमा घेतो तो नुकसान भरून निघावे म्हणून, नफ्यासाठी नव्हे; म्हणून तोही ग्राहकच. आयोग कोणता, हे भरलेल्या हप्त्यावर ठरते. हप्ता 50 लाखांच्या आत, म्हणजे तुमची तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात. मुदत दोन वर्षे. ती आगीच्या तारखेपासूनच मोजा, पत्रव्यवहारात घालवू नका. नकाराच्या पत्रात नसलेले नवे कारण कंपनीला पुढे काढता येत नाही, म्हणून ते पत्र पाकिटासकट ठेवा.

आता एक गोष्ट, जी विचारायला मलाही जड जाते. कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर बँकेची उचल) असेल तर दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशेब, देत असाल. कंपनीचा वकील पहिल्यांदा तेच मागवतो आणि जीएसटीच्या विवरणपत्रांशी ताडून बघतो. उचलीची लिमिट टिकावी म्हणून तिथे आकडा वाढवला असेल, तर ते तुमच्या वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा. उलटतपासणीत पहिल्यांदा कळले, तर खरे 18 लाखही संशयात सापडतात.

आणि जळके तागे अजून गोदामात असतील, तर कंपनीला लेखी कळवल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नका.