प्रॉपर्टी टॅक्स एवढा भरतो, मग टेक्ससमधल्या शाळांना पैसे का पुरत नाहीत?

तुम्ही विचारलंय की डॅलसच्या उत्तरेला घर घेतलं, टॅक्सचा मोठा हिस्सा शाळांना जातो, आजूबाजूला कोऱ्या शाळा उभ्या राहताहेत, तरी शिक्षकांसाठी पैसे नाहीत असं का सांगतात? माझी दोन्ही मुलं इथल्याच पब्लिक स्कूलमध्ये शिकली. मलाही हे कळायला काही वर्षं लागली.

आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवतं ते स्कूल डिस्ट्रिक्ट. डिस्ट्रिक्टचे गल्ले दोन. एकातून पगार, वीज, बस. दुसऱ्यातून कर्जाचे हप्ते. इमारती बाँड (कर्जरोखे) काढून बांधतात, तेही मतदारांनी होकार दिला तरच. बाँडच्या पैशातून पगार करता येत नाही.

पगाराचा गल्ला घरांच्या किमतींबरोबर फुगत नाही. दर विद्यार्थ्यामागची मूळ रक्कम राज्य ठरवतं. २०१९ मध्ये ती ६,१६० डॉलर झाली, मग महागाई वाढत गेली आणि रक्कम तिथेच राहिली. २०२५ मध्ये वाढ मिळाली ती ५५ डॉलरची. पगारवाढीसाठी वेगळे पैसे दिले, हेही खरं. पण घरांच्या किमती वाढल्या की राज्य स्वतःचा वाटा कमी करतं, आणि श्रीमंत डिस्ट्रिक्टकडची जादा रक्कम १९९३ पासून काढूनही घेतं.

शिवाय ही रक्कम पटावर नाही, हजेरीवर मिळते. डिसेंबरात आपण मुलांना तीन आठवडे भारतात नेतो. त्यात शाळेचे जे दिवस बुडतात, त्यांचे पैसे शाळेला मिळत नाहीत. माझ्या हिशेबाने मूळ रकमेतलेच दिवसाला साधारण ३५ डॉलर. आम्हीही नेलंय. आता तिकिटं सुट्टी बघून काढतो.

वाढत्या डिस्ट्रिक्टचं खरं दुखणं पुढे आहे. नवी शाळा पहिल्या वर्षी अर्धी रिकामी असली तरी मुख्याध्यापक, नर्स, ग्रंथपाल पूर्ण लागतात. बिल्डरकडून शहर रस्त्या-पाण्यासाठी शुल्क घेऊ शकतं. शाळांसाठी तशी तरतूद नाही. आणि वाढ थांबते तेव्हा हप्ते थांबत नाहीत. डॅलसच्या उत्तरेचं फ्रिस्को बघा. १९९० च्या सुमारास तिथे दोन हजारही विद्यार्थी नव्हते, पुढे ते पासष्ट हजारांवर गेले. आता घरं महाग झाली, तरुण कुटुंबं आणखी उत्तरेला प्रॉस्पर-सेलिनाकडे सरकली आणि पट उतरू लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी टॅक्सवाढ आणि बाँड, सगळेच प्रस्ताव फेटाळले. पुढच्याच महिन्यात तिथलं स्टेली मिडल स्कूल बंद करायचं ठरलं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. आपल्यातले कितीतरी जण एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. टॅक्स भरतात, मुलं याच शाळांत, पण मत देता येत नाही. बजेटच्या जाहीर सुनावणीत मात्र बोलता येतं, तिथे नागरिकत्व कोणी विचारत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ग्रीन कार्डही हातात नव्हतं आणि खुर्च्या जवळजवळ रिकाम्या होत्या. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या सुनावणीची तारीख वेबसाइटवर मिळेल. नक्की जा.