नॉर्मल डिलिव्हरीला बारा दिवस झाले, टाक्यांचा दोरा पॅडवर पडला. टाके सुटले असतील का? किती दिवसांत भरतात?

दोरा पडला म्हणजे टाके सुटलेच असं नाही. खालचे टाके बहुतेक करून काढावे लागत नाहीत, आपोआप विरघळणारा दोरा असतो. दहा-चौदा दिवसांत त्याचा जोर संपत येतो, गाठी सैल होतात आणि तुकडे पॅडवर पडतात नाहीतर धुताना हाताला लागतात. तुमचा बारावा दिवस आहे, म्हणजे वेळेवर पडला. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत मिळून येते. आतलं भरायला सहा आठवडे धरा, कुणाला त्याहून जास्त लागतात.

एवढं तुम्हाला कुणीही सांगितलं असतं. मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीमुळे. "जागा थोडी उघडी वाटते, पण सासूबाई म्हणतात सगळ्यांनाच होतं, त्यात काय बघायचंय." बघायचंय. त्यातच सगळं बघायचंय.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. गाव कराडजवळ, दवाखाना कराडात. बाळ बाहेर यावं म्हणून खाली कट दिला होता, टाके पडले होते. घरी आल्यावर माझा ताबा आत्याने घेतला. भावकीतली किती बाळंतपणं तिने काढली याचा हिशोब ती प्रत्येक लग्नात सांगते, आणि खोटं कशाला बोलू, बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालण्यात तिचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नाही. माझा मुलगा तिच्या पायांवर कधी रडला नाही. पण बाळंतिणीला कमरेखाली शरीर असतं हे आत्याला मान्य नव्हतं.

एप्रिलचा महिना, मागची खोली, खिडकी बंद. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. कानाला फडकं. पाणी मोजून, कारण पाण्याने पोट सुटतं म्हणे. पॅड वापरायचे नाहीत, त्याने गरमी होते. जुन्या लुगड्याच्या घड्या, त्याही ओल्या झाल्या तरी दुपारपर्यंत त्याच. मी घामाने निथळत पडलेली असायचे आणि खाली सगळं ओलंगच्च. पहिले चार-पाच दिवस दुखणं उतरत होतं. मग एका रात्री ठणका लागला, आणि दुसऱ्या दिवशी तो वाढला.

टाके दुखतात, आठवडा-दोन आठवडे दुखतातच. बसताना एका कुल्ल्यावर भार देऊन बसावं लागतं, लघवीला आग होते, हे सगळं चालतं. पण ते रोज थोडं थोडं उतरत गेलं पाहिजे. उतरलेलं दुखणं परत चढायला लागलं तर ते "सगळ्यांनाच होतं" यातलं नाही.

मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "टाके ओढतायत, म्हणजे भरतायत." आईला सांगितलं, आईने आत्याकडे बघितलं. नवऱ्याला पुण्याला फोन केला, तो म्हणाला आत्यांना अनुभव आहे, त्या सांगतील तसं कर. एवढे लोक माझ्या टाक्यांबद्दल मत देत होते आणि त्यांतल्या एकानेही ते पाहिले नव्हते. मग मी बाबांचा दाढीचा आरसा मागून घेतला. छोटा, गोल, मागे तारेचा स्टँड असलेला. तो जमिनीवर टेकवून, उकिडवं बसून, एका हातात मोबाईलची बॅटरी धरून पाहिलं. कडा एकमेकींना चिकटलेली सरळ रेघ दिसायला हवी होती. मला दिसलं ते असं: वरच्या बाजूला रेघ होती, खाली कडा फाकल्या होत्या, मध्ये पिवळं-हिरवं काहीतरी, बाजूची कातडी लाल आणि तकतकीत. आणि वास. अंगावरून जातं त्यालाही एक वास असतो, पण हा कुजका होता.

आत्या दारात उभी. तिने आरसा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "असलं बघतात होय गं? लाज कशी वाटत नाही?" जखमेबद्दल चकार शब्द नाही! मी काही बोलणार तेवढ्यात बाळ उठलं.

दोन दिवसांनी बारसं झालं, तेही मी बसून निभावलं. त्यानंतर आशाताई, म्हणजे गावातल्या आशा सेविका, आल्या, चौदाव्या दिवसाच्या फेरीला. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्यांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं. आमच्याकडे सगळ्यांचा समज असा की त्या बाळाचं वजन करायला येतात. झोळीत घालून बाळाचं वजन झालं, मग त्यांनी विचारलं, "तुमचं कसं काय ताई?" मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "तिचं छान आहे." आशाताई हसल्या, हो म्हणाल्या, आणि पिशवीतून थर्मामीटर काढून सरळ माझ्या काखेत ठेवला. एकशे एकच्या वर ताप. शेगडीमुळे अंग गरम लागतं असं आम्ही धरून चाललो होतो. त्या आत्याशी वाद घालत बसल्या नाहीत. बाबांना म्हणाल्या, "रिक्षा बोलवा, आजच." मी तिरकी बसलेय हे त्यांनी आल्या आल्या हेरलं होतं, हे मला नंतर कळलं.

डॉक्टरबाईंनी तपासलं. टाक्यांत जंतुसंसर्ग होऊन खालचा भाग उकलला होता. त्यांनी परत शिवलं नाही. पिकलेल्या जागेवर लगेच टाके घालून आतली घाण कोंडत नाहीत. अँटिबायोटिक द्यायचं, स्वच्छ धुवायचं आणि जखम तळापासून वर भरू द्यायची. काहींना नंतर पुन्हा टाके घालावे लागतात, ते जखम बघून ठरतं. माझी आपसूक भरली, पण वेळ लागला. आणि मी पाजत होते तरी चालणारी औषधं दिली, दूध तोडावं लागलं नाही. ही भीती घरात सगळ्यांना होती म्हणून सांगते.

आत्याचा निकाल मात्र त्याच दिवशी लागला होता, आणि तो आजतागायत कायम आहे. "बारशाला मांडी घालून बसली आणि बटाट्याची भाजी खाल्ली, म्हणून टाके पिकले." अहो, ठणका बारशाच्या आधीचा, आरसा बारशाच्या आधीचा, बटाटा मागनं येऊन पू कसा करेल? भात, बटाटा, दही, डाळ यांनी टाके पिकत नाहीत. ते जंतूंनी पिकतात. उलट जखम भरायला डाळ, अंडी, मटकी, दूध हेच लागतं, आणि आपण बाळंतिणीचं नेमकं तेच तोडतो. डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर खा की, कोण नको म्हणतंय.

तिचं दुसरं पालुपद, "आमच्या वेळी कुठे होते टाके?" इथे ती अर्धी बरोबर आहे. सरसकट प्रत्येकीला कट देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१८ च्या शिफारशींत म्हटलंय. पण टाके नव्हते म्हणजे फाटत नव्हतं असं नाही. फाटायचं आणि तसंच राहायचं. माझ्या आजीचं अंग बाहेर यायचं, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरायची, ती शेवटपर्यंत लुगड्याची घडी लावून वावरली. त्याची कारणं बरीच असतात, एका फाटण्यावर खापर फोडता येत नाही, पण "आमच्या वेळी" म्हणताना आत्याला स्वतःची आई कशी आठवत नाही हे मला कळत नाही.

आणखी एक गोष्ट डोक्यात जाते. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारते, "टाके किती पडले?" त्या आकड्याला काही अर्थ नसतो. बऱ्याचदा एकच लांब दोरा थराथराने फिरवलेला असतो. विचारायचं ते किती खोल गेलं होतं. नुसती कातडी, की आतले स्नायू, की शौचाच्या जागेच्या स्नायूपर्यंत. हे तुमच्या डिस्चार्ज कार्डावर असायला हवं, नसेल तर विचारून लिहून घ्या.

तुमच्यासाठी कामाचं सांगते. लघवी करताना वरून कोमट पाणी ओतत राहा, आग कमी होते. पुढून मागे धुवायचं, कोरडं टिपायचं, घासायचं नाही. पॅड तीन-चार तासांनी बदला, भरलं नसलं तरी. साधं पाणी पुरतं. डेटॉल, हळद, राख, तेल काहीही जखमेवर नको. टबात कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं बसलात तर बरं वाटतं. शेगडीची धग आणि खालून धुरी मात्र नको, सुजलेल्या जागेला भाजलेलं पटकन कळत नाही. पाणी भरपूर प्या. पोट सुटत नाही त्याने, शौचाला मात्र साफ होतं, आणि कुंथावं लागलं नाही की टाक्यांवर ताण येत नाही. तरी खडा होत असेल तर इसबगोल किंवा डॉक्टरांकडून पातळ औषध घ्या. शौचाला बसल्यावर पायाखाली पाट घ्या, स्वच्छ पॅड टाक्यांवर हाताने धरून ठेवा, भीती निम्मी होते. दुखण्याला पॅरासिटामॉल पाजतानाही चालते.

आणि आरसा घ्या. तुम्ही "उघडी वाटते" लिहिलंय, वाटण्यावर जाऊ नका. बारीकशी फट असेल, दुखणं उतरत असेल, वास-पू-ताप नसेल, तर बहुतेक वेळा ती आपली आपण भरते, पण या आठवड्यात एकदा दाखवून याच. दुखणं वाढत असेल, सूज किंवा लाली पसरत असेल, पू किंवा घाण वास असेल, तर आजच जा. ताप किंवा थंडी वाजणं असेल, अंगावरून एकदम जास्त जायला लागलं, तर रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. गाडी नसेल तर १०८ लावा.

मी पतसंस्थेत नोकरी करते, डॉक्टर नाही, तेव्हा माझं ऐकून औषध घेऊ नका. आणि हेही सांगायला हवं की लुगड्याच्या ओल्या घड्यांवर माझा कितीही राग असला तरी नेमकं कशाने झालं ते डॉक्टरबाईंनी सांगितलं नाही. सगळं नीट करूनही कुणाकुणाचे टाके पिकतात. दुसऱ्या खेपेला मी सासरीच बाळंत झाले, पॅड वापरले, पंखा लावला, बटाटा खाल्ला, काही झालं नाही. पण त्या वेळी फाटलंच थोडंसं होतं, त्यामुळे आत्यासमोर तो पुरावा चालत नाही.

एक राहिलं. वारा सरलेला कळत नसेल, तो आवरत नसेल, शौचाचा डाग पडत असेल, तर ते कितीही लाजिरवाणं वाटलं तरी डॉक्टरांना सांगायचंच. आतल्या स्नायूला इजा असू शकते, तिच्यावर उपाय आहेत, आणि "हळूहळू होईल बरं" म्हणून काढलेले महिने वाया जातात. सासूबाई तपासणीच्या खोलीत सोबत येणार असतील आणि त्यांच्यासमोर बोलवत नसेल, तर घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या आणि आत गेल्या गेल्या डॉक्टरांच्या हातात द्या.