ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्यात बनलेल्या 1942 च्या ली-एनफिल्ड रायफलीचं लाकूड अक्रोडाचंच आहे का, आणि ते घासून पुन्हा पॉलिश करावं का?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण तिथे झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही. घासू नका. पॉलिश पेपर नको, काचेचा तुकडा नको, ड्रिलला लावायची चकती तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय की रायफल वारशाने आलीय, दस्ता धातूत शिरतो त्या कड्यावर ‘लिथगो’ आणि 1942 कोरलंय, लाकूड काळपट आणि चिकट आहे, दोन ठिकाणी दबलंय, आणि घरचे सगळे ते अक्रोड आहे म्हणतात. माझ्याकडे आलेली पहिली रायफल अशीच होती. दोन संध्याकाळी बसून मी ती घासली. लाकूड सुरेख निघालं. मग दस्त्याच्या मागची पितळी पट्टी परत बसवली, तर तिची कड सगळ्या बाजूंनी लाकडाच्या वर उभी राहिली. अंगठा फिरवला की खरवडायची. बाजूला तपासनिसाचा छोटासा गोल शिक्का होता, तो पुसला गेला होता. आजही ती रायफल हातात घेतली की त्या रिकाम्या जागेवरच नजर जाते.

आता लाकूड. बाहेरच्या रंगावर विसंबू नका. जवसाचं तेल वर्षानुवर्षं मुरलं, वर हाताचा घाम आणि बंदुकीचं तेल चढलं की कुठलंही लाकूड अक्रोडासारखं दिसतं. उलट खरं अक्रोड उजेडात राहून फिकट पडतं. म्हणून झाकलेला भाग बघायचा. पितळी पट्टीचे दोन स्क्रू काढले की दस्त्याचा आडवा छेद समोर येतो. तिथे नव्या ब्लेडने नखाएवढी जागा अगदी पातळ तासा आणि दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून दिवसाच्या उजेडात पाहा. अक्रोड असेल तर सुईने टोचल्यासारखी छिद्रं नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला मोठी आणि शेवटाकडे बारीक होत जाणारी.

पण 1942 च्या लिथगोत मी अक्रोडाची आशा धरणार नाही. न्यू साउथ वेल्समधल्या या कारखान्याने स्थानिक लाकडं वापरली, त्यातली दोन मुख्य. एक क्वीन्सलँड मेपल. नाव मेपल असलं तरी ते मेपल नव्हे, लिंबू-संत्र्याच्या कुळातलं झाड आहे. त्याची छिद्रंही डोळ्यांना दिसतात, पण ती छेदभर सारखी विखुरलेली असतात. लांबीच्या बाजूने लाकूड उजेडात कलतं केलं की रेशमासारखी चमक पट्ट्यापट्ट्यांनी जागा बदलते. दुसरं कोचवुड. ते गुलाबीसर तपकिरी, पोत एकसारखा बारीक, भिंगाशिवाय छिद्रं दिसतच नाहीत, आणि ताज्या कापाला गोडसर वास येतो. माझा अंदाज कोचवुडचा आहे.

खात्री करायला आणखी एक जागा आहे. कोचवुड मऊ पडतं, गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का त्याला झेपत नाही. म्हणून पुढच्या लांब लाकडात, जिथे हा धक्का बसतो तिथे, आत तांब्याचे छोटे पत्रे बसवलेले असतात. ते दिसले तर कोचवुडची शक्यता खूपच वाढते. त्याच लाकडावर ‘स्लॅझ’ आणि दोन आकडी साल असा ठसाही शोधा. टेनिसच्या रॅकेटींसाठी ओळखली जाणारी स्लॅझेंजर कंपनी युद्धकाळात ऑस्ट्रेलियात या रायफलींची लाकडं बनवत होती. तुमच्या रायफलवर तो ठसा निघाला तर मला मनापासून आनंद होईल. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की तो कायमचा जातो. आणि दस्ता नि पुढचं लाकूड वेगवेगळ्या झाडांचं निघालं तरी गोंधळू नका. सैन्यात दुरुस्त्या होत असत, मिळेल तो भाग बसवला जाई. प्रत्येक तुकडा वेगळा तपासा.

खोलण्याआधी बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) आणि मॅगझीन काढून नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा. यापुढची गोष्ट नीट वाचा, इथे अनेकांची लाकडं फुटलीत: पुढचं लाकूड उतरवल्याशिवाय मागचा दस्ता काढायचा नाही. दस्त्यातून जाणाऱ्या लांब बोल्टचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडात बसवलेल्या पत्र्याच्या खाचेत अडकलेलं असतं. ते तसंच असताना बोल्ट फिरवला की पत्रा फिरतो आणि लाकूड चिरतं. मुळात नुसत्या साफसफाईसाठी दस्ता काढायची गरजच नसते.

साफसफाई सोपी आहे. सुती फडकं टर्पेंटाइनमध्ये ओलं करून पुसत राहा, फडकं काळं झालं की बदला. चिकटपणा जाईल, जुना रंग राहील, तोच राखायचा आहे. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. शिक्क्यांजवळ मात्र हे करू नका, तेही दबलेले तंतूच आहेत, तेही वर येतील. दोन-तीन दिवस सुकू द्या. मग कच्चं जवसाचं तेल, तळहातावर चार थेंब, लाकूड कोमट होईपर्यंत चोळायचं, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्यायचं, दुसरा हात पुढच्या दिवशी. व्हार्निश नको. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर सपाट पसरून वाळवा.

धातूवरच्या गंजाला तेल आणि सगळ्यात बारीक स्टील वूल, हलक्या हाताने. गोळी झाडायचा विचार असेल तर आधी जाणकार गनस्मिथकडून तपासून घ्या.

पट्टीखालच्या छेदाचा आणि तांब्याच्या पत्र्यांच्या जागेचा फोटो टाकलात तर मी नक्की बघेन. फोटो तेल लावण्याआधीचा हवा.