प्रिव्हेन्शन म्हणजे प्रतिबंध की निवारण?

प्रश्न असा आलाय की प्रिव्हेन्शनला मराठीत प्रतिबंध म्हणायचं की निवारण, आणि मुळात हा शब्द आला कुठून.

मूळ लॅटिन. प्रे म्हणजे आधी, वेनिरे म्हणजे येणं, थोडक्यात काय तर आधी येऊन पोचणं. थांबवणं, रोखणं वगैरे त्यात नव्हतंच, समोरच्याच्या आधी जाऊन बसलं की त्याची वाट अडते, त्यातून तो अर्थ मागाहून आला. १६११ च्या इंग्रजी बायबलात एका स्तोत्रात भक्त म्हणतो की मी पहाटेला प्रिव्हेंट केलं, आता आज वाचणाऱ्याला वाटेल की बाबाने सूर्योदयच रोखला, पण अर्थ साधा आहे, उजाडायच्या आधी उठलो! गंमत म्हणजे हे वेनिरे आणि आपला संस्कृत गम् धातू एकाच मूळ धातूतून आलेत.

आपल्या प्रतिबंधात मात्र आधी-नंतर काही नाही, नुसतं बांधणं आहे. बंध् आणि इंग्रजीतला बाइंड हे पण भाऊभाऊच. घोड्याचा पाय बांधायची दोरी तो पायबंद, आणि आपण वाईट गोष्टींना पायबंद घालतो, म्हणजे कल्पना तीच. पण यामुळे घोळ असा झालाय की १९६१ चा हुंड्याचा कायदा इंग्रजीत प्रोहिबिशनचा आणि १९८८ चा भ्रष्टाचाराचा प्रिव्हेन्शनचा, मराठीत दोन्ही प्रतिबंधक! दारूच्या बाबतीत तेवढं प्रोहिबिशनला आपण सरळ बंदी म्हटलं, दारूबंदी. त्यात हिंदीत प्रतिबंध म्हणजे बॅन, ते ऐकून ऐकून आपल्या बातम्यांतही 'अमुक अ‍ॅपवर प्रतिबंध' यायला लागलंय, तिथे बंदी म्हणा की राव.

निवारण म्हणजे वारणं, दूर सारणं, त्यामुळे ते दोन्हीकडे चालतं. अंधत्व निवारणात दृष्टी जाऊ नये म्हणून केलेली खटपट पण येते, पण तक्रार निवारण तक्रार आल्यावरच होणार ना. म्हणून माझं मत, लस, औषध, कायदा असेल तर प्रतिबंधक लिहा, रुळलेला शब्द आहे. पण सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'डेंगी प्रतिबंधात्मक उपाययोजना' कशाला, 'डेंगी होऊ नये म्हणून' लिहिलं की चौथ्या मजल्यावरच्या आजींना पण कळतं.