पडदा ओढला की ऑफिस

लातूर,
नोव्हेंबर

लाडक्या लेकीस, अनेक आशीर्वाद.

"घरून काम सुरू झाल्यापासून दिवसभर काहीच होत नाही, तरी रात्री अकरापर्यंत लॅपटॉप मिटत नाही," असं तू लिहिलंस. आळशी झालीस असं तुला वाटतंय. मला नाही वाटत. पुण्याच्या ऑफिसात तुला कुणी दुधाकडं बघायला सांगत नव्हतं.

2020 च्या मार्चमध्ये मी लातूरला परत आले तेव्हा माझंही असंच झालं. आपल्याकडं नोकरी म्हणजे डबा घेऊन बाहेर पडणं. घरात बसून बटणं दाबणारी पोरगी कामावर आहे, हे पटायचं कुणाला? "घरीच हाईस की, जरा दळण टाकून ये." पाहुणे आले की चहा माझ्याकडं. एकदा मीटिंगमध्ये मी बोलत असताना मागून आई ओरडली, "अगं, नळ आलाय!" सगळ्यांनी ऐकलं. पण 2016 मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं नळापुढं मीटिंगची काय कथा? आईवर चिडून मी चुकलेच.

भांडून काही होत नाही, हे मी भांडून शिकले. मग ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या खोलीत, टेबल टाकलं आणि दाराला आईच्या जुन्या साडीचा पडदा लावला. पडदा ओढला की मी ऑफिसात, उघडला की घरात. पण दीड-दोन तासांनी तो उघडायचाच, मग दळण असो की चहा, ते तेव्हा. मी हे पाळलं म्हणून घरानं पाळलं. दोन महिन्यांत अण्णाच आल्यागेल्याला सांगायला लागले, "हळू बोला, पडदा ओढलाय."

आता तुझ्या रात्रींबद्दल. परवा अमेरिकेची घड्याळं तासभर मागं गेली. न्यूयॉर्कची सकाळी दहाची मीटिंग आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला व्हायची, ती आता मार्चपर्यंत रात्री साडेआठला. रात्री कामावर बसायचंच असेल तर सकाळी नऊपासून खुर्चीला का चिकटतेस? अवघड काम सकाळी सात ते अकरा उरकून टाक आणि दुपार मोकळी ठेव. मॅनेजरला हे बोलून नको सांगू, मेलवर लिही. तोंडी ठरलेलं पंधरा दिवसांत विसरतात. मे महिन्यात तर पत्र्याखाली दुपारी दोनला तसंही डोकं चालत नाही.

पंचवीस मिनिटांचा गजर लावून काम करायची पद्धत तू वाचली असशील. मला ती जमली नाही, काम रंगात आलं की नेमका गजर वाजतो. तुला जमली तर बघ.

लाईट जाण्याचं रडगाणंही वाचलं. इन्व्हर्टरवर कूलर लावू नकोस. राऊटरला दहा-पंधरा वॅट पुरतात, कूलर मात्र मीटिंगच्या आधीच बॅटरी संपवतो. मोबाईलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम असू दे.

आणि हो, वेळ अमावस्या, आपला शेतात जेवायचा सण, कंपनीच्या कॅलेंडरात नसते. पहिली दोन वर्षं मी शेतात एका हातात फोन आणि एका हातात आंबिलीचा गडू घेऊन बसले. चव काही आठवत नाही. तू सुट्टीचा अर्ज आजच टाक आणि आमच्या शेतावर ये. भज्जी मी करते, आंबील तुझ्या आईच्या हातची आण.

तुझी,
मावशी