लातूरहून १५ जण पहिल्यांदाच मुंबई-गोवा क्रूझला निघालोय, काय काय बघून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की १५ जण आहात, त्यात सत्तरीच्या पुढचे चौघं, दोन लेकरं, डिसेंबरात जायचं ठरतंय, आणि जहाजावर काय काळजी घ्यावी हे विचारलंय. मीही लातूरचीच. आमच्या भिशीतल्या बायका, त्यांचे नवरे, दोघींच्या सासवा आणि एकीचे सासरे असं १७ जणांचं लटांबर मी एकदा नेऊन आणलंय. तेवढ्यावरून सांगते, जहाजावर चढल्यावर फार काही बघावं लागत नाही, तिथं सगळं हातात मिळतं. आमच्या झाल्या त्या सगळ्या चुका घरी बसून, चहा पीत, दोन महिने आधी झाल्या होत्या.

पहिली चूक तारखेची. डिसेंबर म्हणालात म्हणून विचारते, येळवस (वेळ अमावस्या, आपला शेतातला सण) कधी आहे ते बघितलं का? आम्ही नव्हतं बघितलं. पैसे भरून झाल्यावर एकीच्या सासऱ्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं आणि म्हणाले, "येळवशीला शेत सोडून समुद्रावर? तुम्ही जा माय, मी नाही येत." त्यांचं खरंच होतं. तारीख बदलून घेतली, पण त्याचे वेगळे पैसे पडले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाडंही चढं असतं, आठवड्याच्या मधल्या दिवसांत जरा कमी असतं. पावसाळ्यात मात्र कुणी कितीही स्वस्त देतो म्हटलं तरी नको. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो.

आता गाडीचं. मुंबईचं जहाज बॅलार्ड पिअरवरून सुटतं, सीएसएमटीवरून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. आपली लातूरची गाडी रात्री निघून सकाळी सीएसएमटीलाच जाते, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की सकाळी उतरायचं आणि दुपारी जहाजात बसायचं. आम्हीही तेच केलं. गाडी रस्त्यात अडकली, आम्ही उशिरा पोचलो, आणि सतरा जण बॅगा ओढत धावतोय असा तमाशा झाला. चेक-इनचं दार जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं, आणि गाडी लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही. आम्ही आत शिरलो ते शेवटच्या काही मिनिटांत. तेव्हा एक दिवस आधी मुंबई गाठा. दादर-परळकडे कुणाचे नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर साध्या लॉजवर एक रात्र काढा. हा खर्च वायफळ वाटतो, पण पूर्ण सहलीचे पैसे बुडण्यापेक्षा बरा.

तिकिटांबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि एका पीएनआरवर सहाच माणसं बसतात. आपण काय करतो, सहा-सहाचे गट पाडून पटकन बुक करतो. पण खालच्या बर्थचा जो ज्येष्ठांचा कोटा आहे (पुरुष ६० आणि बायका ४५ वर्षांच्या पुढे), तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच लागू होतो. म्हणजे तुमच्या चार म्हाताऱ्यांना सहाच्या गटात टाकलं तर कोटा गेला. त्यांची तिकिटं दोन-दोनची वेगळी काढा आणि तो कोटा निवडा. आमच्या एका सासूबाईंना वरचा बर्थ आला होता. रात्रभर खालच्या बर्थच्या कडेला बसून आल्या, आणि जहाजावर पहिला अख्खा दिवस झोपून काढला.

ओळखपत्र. मुंबई-गोव्याला पासपोर्ट लागत नाही, आधार किंवा मतदार कार्ड चालतं. पण मूळ कार्ड जवळ हवं, मोबाइलमधला फोटो नव्हे, आणि बुकिंगवरचं नाव कार्डावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. आपल्याकडे घोळ असा की लग्नानंतर बँकेत एक नाव, आधारवर दुसरं, आणि घरात तिसरंच. नावं तोंडी सांगू नका. प्रत्येकाच्या कार्डाची झेरॉक्स गोळा करा आणि त्यावरूनच भरा. लेकरांचंही विसरू नका. घरात कुणी गरोदर असेल किंवा अगदी तान्हं बाळ असेल तर बुकिंगआधी विचारून घ्या. साधारण २४ आठवड्यांच्या पुढे बाईला आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रूझवाले घेत नाहीत.

खोल्या वाटणं हे सगळ्यात नाजूक काम. जाहिरातीतलं भाडं एका खोलीत दोघं धरून माणशी असतं. एकटं माणूस एका खोलीत राहिलं तर जवळजवळ दोघांचं भरावं लागतं. तिसरा-चौथा स्वस्तात पडतो, पण त्यांची झोपायची जागा म्हणजे भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचा बर्थ, शिडीचा. म्हाताऱ्यांना तिथं घालू नका. आणि खोली म्हणजे आपल्या घरातलं देवघर आणि कोठीची खोली मिळून जेवढं होईल तेवढीच. तिच्यात चार प्रौढ माणसं आणि चार बॅगा म्हणजे उठायचं असेल तर सगळ्यांनी ठरवून उठावं लागतं. मी नात्याप्रमाणे वाटप केलं ही माझी चूक. पुन्हा जाईन तेव्हा घोरण्याप्रमाणे करणार. घोरणारे एका खोलीत, पहाटे चारला उठून पूजा करणारे एका खोलीत. गंमत नाही करत, दुसऱ्या दिवशी दोन मैत्रिणी यावरूनच बोलेनाशा झाल्या होत्या.

समुद्र दिसणारी खोली महाग असते. मळमळीची भीती असलेल्यांना मात्र जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर खोली द्या, तिथं हलणं सगळ्यात कमी जाणवतं. मळमळायला लागलं तर खोलीत पडून राहायचं नाही. उघड्या डेकवर येऊन दूर क्षितिजाकडे बघत बसायचं. गोळी डॉक्टरला विचारून घ्या आणि जहाज सुटायच्या आधीच द्या, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.

पैशांचं स्पष्ट बोला. आमच्या एजंटने "सगळं धरून" असा आकडा सांगितला होता, आणि त्यात बंदराचे शुल्क, कर आणि रोजची सर्व्हिस टिप धरलेलीच नव्हती. म्हणून आधी लेखी विचारा की काय धरलंय आणि काय नाही. जेवण बहुतेक भाड्यात असतं. बाटलीबंद पेयं, मसाज, काही शो, गोव्यात उतरून फिरणं हे वेगळं. जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं कार्डच सगळीकडे दाखवायचं आणि शेवटी बिल येतं. त्यामुळे पोरं आइस्क्रीम, गेम असं करत करत कार्ड चालवत राहतात आणि बापाला शेवटच्या सकाळी कळतं. बाकी टॅक्सी, हमाल, स्टेशनवरचा चहा यासाठी निघतानाच सारखी काँट्री काढा, एकाच्या हातात वही द्या, आणि त्या माणसाशी कुणी हुज्जत घालायची नाही असं गाडीत बसायच्या आधीच ठरवून टाका. आमच्याकडे ही वही ज्यांच्याकडे होती ते निवृत्त तलाठी. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही.

धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी गाडीत आणि लॉजवर संपवा. घरचं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड, चाकू, दारू हेही काढून घेतात. एकीने पान-सुपारीचा अडकित्ता नेला होता, तोही गेटवर जमा झाला. जेवणाची काळजी नको, शाकाहारी भरपूर असतं, जैन हवं तर आधी कळवा. भाकरी मात्र विसरा.

मोठी बॅग ते गेटवरच घेतात आणि ती खोलीपाशी पोचायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चष्मा, एक कपड्याचा जोड आणि लेकराचं सामान हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन असेल तर फ्रिजची सोय चढल्या चढल्या मागा. म्हाताऱ्यांना आधीच सांगा की न्हाणीघर अगदी छोटं असतं आणि त्यात बादली-तांब्या नाही, फक्त शॉवर. आमच्या सासूबाईंनी प्लास्टिकचा मग सोबत घेतला होता आणि सगळ्या खोल्यांतून त्या मगाला मागणी आली. त्यांना दुसरंच कौतुक वाटत होतं, की हे पाणी जहाजातच समुद्राचं गोडं करतात. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेलं माणूस ते. शॉवर पाच मिनिटांच्या वर कधी सोडला नाही त्यांनी.

किनारा दिसेनासा झाला की मोबाइलचं नेटवर्क जातं. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं तर बिल भयंकर येतं, तेव्हा सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाका. मग १५ जण एकमेकांना शोधणार कसे? सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा, ठरलेल्या एका जिन्याजवळ सगळ्यांनी यायचं, बस. लांबलचक बोळ आणि एकसारखी दारं, त्यामुळे म्हाताऱ्यांच्या खिशात मजला आणि खोली नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

चढल्यावर सुरक्षेचा सराव होतो, तो कुणीही चुकवायचा नाही. आमच्यातले दोघं "कशाला ते" म्हणून जेवायला पळाले होते, मी त्यांना ओढून आणलं. २०१२ च्या १३ जानेवारीला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली, आणि त्या दिवशी चढलेल्या शेकडो लोकांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर जहाज सुटायच्या आधी किंवा सुटता सुटताच हा सराव घ्यायचा असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी, एवढं लेकरांनाही पाठ करून घ्या. जमायची जागा कार्डावर लिहिलेली असते.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं. तिथून पणजी ३० किलोमीटरच्या आसपास, आणि म्हाताऱ्यांना मंगेशी-शांतादुर्गा करायचीच असते. स्वतः टॅक्सी केली तर परतीच्या वेळेच्या निदान दीड-दोन तास आधी बंदरावर या. जहाजाने काढलेल्या सहलीला उशीर झाला तर ते बहुतेक थांबतात, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाहीत. हवा बिघडली तर कप्तान बंदर वगळूही शकतो, त्यावर भांडून उपयोग नसतो. कुणी याच पैशात लक्षद्वीपचं जहाज सुचवलं तर एवढं विचारा, म्हातारी माणसं मोठ्या जहाजातून हलत्या छोट्या होडीत उतरू शकतील का? तिथं बेटावर तसंच जावं लागतं, शिवाय वेगळी परवानगीही लागते.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे आणि चपला बाहेर काढूनच बॅग बंद करा. माझ्या जाऊबाईंनी सगळं नीट घड्या करून भरलं, आणि बॅलार्ड पिअरवर गाऊनवर माझी शाल पांघरून उतरल्या. परतीची गाडी रात्री असते, तोवर सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण कुलूप नसलेली बॅग ते घेत नाहीत. तेव्हा लातूरहून निघतानाच कुलपं घेऊन ठेवा, पंधरा जणांची पंधरा, आणि चाव्या त्या वहीवाल्याकडे.