हॉलमार्कमधला ‘हॉल’ कुठला?

प्रश्न असा आला आहे : दागिन्यावरच्या ‘हॉलमार्क’मधला हॉल म्हणजे नेमकं काय, आणि या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता?

हॉल अगदी खराखुरा, दगडाचुन्याचा. लंडनच्या फॉस्टर लेनवर सोनारांच्या श्रेणीचा, म्हणजे व्यवसायसंघाचा, गोल्डस्मिथ्स हॉल आहे. (‘श्रेणी’ आता निकालपत्रकात उरली, पण नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात विणकरांच्या श्रेणीकडे व्याजाने ठेवलेल्या कार्षापण नाण्यांची नोंद आहे. तोच अर्थ इथे घ्या.) 1300 साली राजा पहिला एडवर्ड याने कायदा केला, की ठरलेल्या कसाची नसेल ती चांदी विकायची नाही. श्रेणीचे कारभारी दुकानोदुकानी जाऊन माल तपासत आणि कसाला उतरलेल्या मालावर ‘लेपर्ड’चं तोंड ठोकत. 1478 मध्ये पगारी पारखी नेमला गेला आणि माल हॉलमध्येच आणायचा असं ठरलं. हॉलमध्ये मारलेला मार्क, म्हणून हॉलमार्क.

यातला लेपर्ड मात्र बिबट्या नव्हे! मानचिन्हांच्या जुन्या फ्रेंच परिभाषेत तोंड आपल्याकडे वळवून चालणाऱ्या सिंहाला ‘लेपर्ड’ म्हणत. त्या छापावर ठिपके शोधू नयेत. श्रेणीच्या लाल-निळ्या चौखणी ढालीवरही दोन खणांत हेच सोनेरी सिंहमुख आहे, उरलेल्या दोहोंत झाकणाचा पेला आणि बकलं. ढालीच्या माथ्यावर एक स्त्री : एका हातात तराजू, दुसऱ्यात कसोटीचा दगड. हे चित्र आपल्या सराफाला कुणी समजावून सांगायला नको. कस, कसोटी, बावनकशी ही सगळी मंडळी ‘कष्’ म्हणजे घासणे या संस्कृत धातूतली.

आपल्या बांगडीवरच्या मार्कात हॉल कुठेच नाही. आतल्या बाजूला भिंग धरलं तर भारतीय मानक ब्यूरोचा त्रिकोण, ‘22के916’ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. 916 म्हणजे हजारात 916 भाग सोनं, बावीस कॅरट भागिले शुद्ध सोन्याचे चोवीस.

प्रतिशब्द म्हणून ‘प्रमाणमुद्रा’ सुचवतात. ती कुठल्याही कचेरीची असू शकते, सोन्याचा त्यात वासही नाही. मला ‘कसछाप’ आवडतो, पण पेढीवर तो कुणी उच्चारेल असं वाटत नाही. तिथे दोन्ही भाषा सुखाने नांदतात. आजीच्या पाटल्या मोडायला नेल्या तेव्हा सराफ भिंगातून बघत म्हणाला, “हॉलमार्क नाहीये यावर. थांबा, कस लावून बघतो.”